वरच्याचा तारा

बिल्डिंगचा नाल्याकडचा खांब फुटला तेव्हा माझे दोन्ही हात हळदीने भरलेले होते. मैदानात डीजे चालू होता, तरी तो आवाज डीजेच्या वरून आला. आमची सगळी बिल्डिंग मैदानात होती. आत तिघंच होते आणि तिघंही जिन्यात होते. चेअरमन, खाटेवर पडून असलेली त्याची आई, आणि वरचा. म्हातारीला खुर्चीत बसवून, साडीने बांधून, दोघं खाली आणत होते. चेअरमन खालच्या बाजूला, वरचा वरच्या बाजूला. जिन्याच्या जाळीतून मला चेअरमनचा पांढरा शर्ट दिसत होता. मग नाल्याकडची बाजू खाली बसली, धूळ आली आणि शर्ट दिसेना.

कोणीतरी डीजे बंद केला. माझ्या नातवाला अर्धी हळद लागलेली, तो तसाच बिल्डिंगकडे धावला. मी मागून त्याचं बनियन धरलं. ते फाटलं, पण तो थांबला.

त्या वेळी वरच्याचा तारा माथ्यावर आलेला असणार. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला तो दिवेलागणीनंतर थोड्याच वेळाने माथ्यावर येतो. हे मला वरच्यामुळे माहीत. नाहीतर माझं ताऱ्यांशी काय काम.

वरचा चौथ्या मजल्यावर राहायचा, गच्चीच्या खाली, म्हणून वरचा. त्याला नाव होतं, पण पोस्टमन सोडला तर ते कोणी वापरत नव्हतं. वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात मापं तपासायला होता. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू बरोबर आहे का बघायचं आणि नसेल तर बाजूला टाकायची, एवढंच काम. कारखाना बंद झाला, सवय राहिली. कोणी काही बोललं की तो विचारायचा, "मोजलंत का?"

"आज फार उकडतंय."

"मोजलंत का?"

वाण्याला विचारायचा, रिक्षावाल्याला विचारायचा. माझ्या घरी सत्यनारायण होता तेव्हा भटजी म्हणाले, चला लवकर, वेळ टळतेय. वरच्याने त्यांनाही विचारलं. भटजींना राग आला. मला त्या दिवशी तो माणूस पहिल्यांदा बरा वाटला.

त्याच पूजेला त्याने खिशातून पाणसळ काढली होती. गवंडी वापरतात ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. तीर्थप्रसादाच्या आधी त्याने ती चौरंगावर ठेवली.

"आजी, बुडबुडा डावीकडे आहे."

"मग तू उजवीकडे बस," मी म्हटलं.

तो मला अहोजाहो करायचा आणि मी त्याला अरेतुरे. आमच्या लोकांत सगळ्यांनाच अरेतुरे करतात, कलेक्टर आला तरी. त्याने कधी वाईट वाटून घेतलं नाही. साठी उलटलेली, लग्न केलेलं नव्हतं. शहाडला एक बहीण होती, तिच्याकडे गणपतीत जायचा. इतर वेळी घरात स्वतःचं स्वतः शिजवायचा, भात घड्याळ लावून उतरवायचा आणि तरी भात कच्चा ठेवायचा. एकदा मी डब्यातून वाल दिले तर डबा परत करताना म्हणाला, "मीठ जास्त होतं." मिठागरवालीला मीठ शिकवत होता.

आमची बिल्डिंग कळव्याला, खाडीच्या अंगाला. तिथे आधी माझ्या सासऱ्याचं मिठागर होतं. पुढे बांध मोडले, भरणी टाकली आणि बिल्डिंग उभी राहिली. जमिनीच्या बदल्यात आम्हाला पहिल्या मजल्यावर दोन घरं मिळाली. मी चौथी शिकले आणि नंतर लग्न होऊन त्याच मिठागरात मीठ ओढलं. बिल्डिंगमधल्या लोकांना आपल्या घराला टाइल्स कुठल्या लावल्यात ते माहीत होतं. टाइल्सच्या खाली काय आहे ते मला माहीत होतं. खाली चिखल होता.

आता त्याच्या ताऱ्याचं सांगते.

गच्चीत पाण्याच्या टाकीच्या भिंतीला त्याने एक लोखंडी पाइप उभा बसवला होता, सिमेंटने पक्का. पाइपाच्या वरच्या टोकाला भिंग, खालच्या टोकाला डोळा लावायची काच. भिंग कल्याणच्या भंगारवाल्याकडून आणलेलं. बघायचं तर खाली चटई टाकून उताणं झोपायचं. आत दोन केस ताणून बसवले होते, एक आडवा, एक उभा. केस बहिणीचे होते. हे त्याने सगळ्यांना सांगितलं, कोणी विचारलं नसताना.

पाइप फिरवता यायचा नाही. त्यातून आभाळाचा तेवढाच तुकडा दिसायचा, बरोबर डोक्यावरचा. त्या तुकड्यातून रोज एकदा एक तारा जायचा. भाद्रपदा नक्षत्रांच्या चौकोनाच्या बाजूचा, बारीक, नुसत्या डोळ्यांना आमच्या इथल्या उजेडात न दिसणारा. तो एका बाजूने यायचा, आडव्या केसावरून सरकत दुसऱ्या बाजूला जायचा. संपलं. तेवढ्यासाठी हा माणूस पाऊस संपल्यापासून थंडी पडेपर्यंत रोज चटईवर पडून राहायचा.

मी एकदा विचारलं, "एवढे तारे सोडून हाच का?"

"हा आपल्या सूर्यासारखा आहे, आजी. जवळजवळ तेवढाच, तसाच. आणि त्याच्याभोवती एक ग्रह फिरतो."

"दिसतो?"

"नाही."

"मग तुला कोणी सांगितलं?"

"मोठ्या दुर्बिणीवाल्यांनी शोधला. त्यांनाही नुसता दिसला नाही. तो ताऱ्याला ओढतो ना, त्यामुळे तारा जरासा डुलतो. त्यावरून कळलं."

"तुझ्या पाइपात डुलतो?"

"छे. तेवढं माझ्या पाइपात कळत नाही. माझ्या पाइपात तो काल जिथून गेला तिथूनच आज जातो. त्या केसावरून. मी एवढी वर्षं बघतोय, चुकला नाही."

हे ओढणं म्हणजे काय ते दाखवायला त्याने एकदा गच्चीत बादलीला दोरी बांधली, अर्धी बादली पाणी भरलं आणि गरगर फिरवायला लागला. बादली फिरत होती आणि ह्याचे पायही थोडेथोडे सरकत होते. "बघा, बादली मला ओढतेय. समजा बादली दिसत नाही. माझे पाय बघून तुम्हाला कळेल की हातात काहीतरी आहे." मग दोरी सुटली. बादली माझ्या वाळत घातलेल्या गोधड्यांवर गेली. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण पाय सरकले होते, ते मी बघितलं होतं.

तो ग्रह चार दिवस आणि थोड्या तासांत फेरी मारतो. म्हणजे तिथलं वर्ष तेवढंच. त्यामुळे दर चार दिवसांनी वरचा नवीन वर्ष साजरं करायचा. खडीसाखरेची पुडी घेऊन जिन्याने खाली उतरायचा आणि दारोदार देत यायचा. वेळ रोजची नसायची, त्या जादा तासांमुळे पुढे सरकायची. कधी सकाळी, कधी भर दुपारी. सुरुवातीला लोक दार उघडायचे. मग उघडेनात. मी उघडायची, कारण खडीसाखर खोकल्याला चालते.

"आजी, तिथे तुमचं वय सहा हजारांवर आहे."

"मग पाया पड."

तो खरंच पडला. पाणसळ खिशातून खाली पडली.

एकाच घरात त्याची वाट बघायचे. चेअरमनच्या. चेअरमनची आई कंबर मोडून खाटेवर पडून होती. आतल्या खोलीत, दिसायची कोणाला नाही, पण ते घर तिच्याभोवती चालायचं. चेअरमन मीटिंगमधून मध्येच उठून जायचा, हाक यायची म्हणून. त्याची बायको माहेरी गेली ती आलीच नाही. वरचा तिच्याकडे गेला की म्हातारी विचारायची, "आज का रे?" तो म्हणायचा, "परवा दुपारी." मग ती परवा दुपारपर्यंत केस विंचरून घ्यायची. बाकीच्यांना वर्षाला एक पाडवा, तिला दर चार दिवसांनी. मी तिच्याकडे जाऊन बसायची. ती मला म्हणाली, "तो ग्रह ताऱ्याला इतका चिकटून आहे की नुसता भाजून निघतो, म्हणे. तरी सुटत नाही." आणि तिने मुलगा बसलेल्या बाहेरच्या खोलीकडे बघितलं.

चेअरमनला वरचा अजिबात चालायचा नाही. आईला खडीसाखर दिलेली चालायची नाही, तिला साखर होती. वरच्याने त्यावर "मोजलंत का?" विचारलं आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

त्या वर्षी पाऊस लांबला. आभाळ मोकळं झालं तेव्हा दसरा होऊन गेला होता. पहिल्याच दिवशी वरचा गच्चीतून उतरून माझ्या दारात उभा राहिला. कपाळावर घाम.

"आजी, तारा केसावर नाही."

"म्हणजे?"

"केसाच्या बाजूने गेला."

"पोरांनी पाइप हलवला असेल. क्रिकेट खेळतात वर."

"सिमेंट बघितलं. सांधा तसाच आहे. रंगसुद्धा तडकला नाही."

"मग तारा हलला."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं मीच काहीतरी वेडं बोलले. "तारा नाही हलत, आजी. बिल्डिंग हलली. नाल्याकडे."

पुढचे कितीतरी दिवस त्याने खडीसाखर वाटली नाही. त्याऐवजी तेच सांगत दारोदार फिरला. लोकांनी एकदा ऐकून घेतलं, मग त्यासाठीही दार उघडणं बंद केलं. सोसायटीची मीटिंग लागली, खाली पार्किंगमध्ये, नाल्याकडच्या त्याच खांबाच्या बाजूला. चेअरमनने खांबाला ओळंबा लावून घेतला होता, गवंड्याला बोलावून, दोरीला वजन टांगून.

"हे बघा," चेअरमन म्हणाला. "खांब जरा वाकडा आहे. पण तो बांधला तेव्हापासून वाकडा आहे. सगळ्यांना माहितेय."

"तेच म्हणतोय मी," वरचा म्हणाला. "ओळंबा सांगतो, वाकडा आहे. कधीपासून ते ओळंब्याला माहीत नाही. तारा सांगतो, अजून वाकतोय."

"तारा सांगतो." कोणीतरी मागून म्हणालं आणि लोक हसले.

"बिल्डिंग खाली करा. आधी इंजिनियर आणा, तो बघेपर्यंत खाली करा."

मग हसणं थांबलं. कारण घर खाली करणं हा शब्द आमच्याकडे कोणी हसून ऐकत नाही. आजूबाजूच्या बिल्डिंगी लोकांनी बघितल्या होत्या. दोन महिन्यांसाठी म्हणून बाहेर पडलेली माणसं दहा दहा वर्षं दिव्याला, डोंबिवलीला भाड्याने राहत होती, आणि त्यांच्या जागी टॉवर उभे होते. घर सोडलं की घर गेलं.

चेअरमन उठून त्याच्यासमोर गेला. "किती दिलेत बिल्डरने?"

वरच्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो म्हणाला, "मी मोजून सांगतोय."

"बिल्डरचा माणूस आहे हा," चेअरमन लोकांना म्हणाला. "एकटा जीव. कुठेही जाईल. मी आईला कुठे नेऊ? ती खाटेवरून हलत नाही. तिला कुठल्या फुटपाथवर ठेवू?"

मीटिंगमध्ये ठरलं, इंजिनियरचं लग्नसराईनंतर बघू. दुसऱ्या दिवशी वरच्याच्या दारावर कोणीतरी कोळशाने 'दलाल' लिहिलं. त्याने पुसलं नाही. मीच ओल्या फडक्याने पुसलं, कारण जिन्यात येताजाता ते वाचावं लागायचं.

त्याच दिवसांत माझ्या स्वयंपाकघराचं दार चौकटीला घासायला लागलं. मी ते पावसावर घातलं. लाकूड फुगतं. पण थंडी आली, लाकूड सुकलं, तरी दार घासतच राहिलं.

नातवाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात होतं. आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. सगळं गाव येतं, धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणाऱ्या बायका येतात, आता डीजे पण येतो, पहाटेपर्यंत नाच चालतो. आणि ज्यांच्याकडे हळद असते त्यांच्या शेजारपाजारी त्या दिवशी चूल पेटत नाही. सगळ्यांचं जेवण हळदीच्या घरी. कोणी आपल्या घरी भात शिजवला तर तो अपमान धरतात. बिल्डिंगमध्ये सातारचे, कोकणातले, कुठकुठले लोक होते, पण इतकी वर्षं आमच्यात राहून तेही हे पाळायचे.

हळद गच्चीत करायची ठरलेली. नातवाची हौस. हळदीच्या दिवशी दुपारी वरून आरडाओरड ऐकू आली म्हणून मी गुडघा धरून वर गेले. जिन्यात मांडववाले बांबू घेऊन अडकले होते. पाण्याचे ड्रम, डीजेचे डबे सगळं पायऱ्यांवर. वर गच्चीच्या दाराला जिन्याच्या बाजूने कुलूप, आणि दाराला पाठ लावून वरचा मांडी घालून बसलेला. नातवाच्या दोस्ताने त्याची कॉलर धरलेली.

"किल्ली दे रे."

वरच्याने मान हलवली. बोलला नाही.

"कुठे ठेवलीय? खिसे बघा ह्याचे."

"खिशात नाही. तोंडात आहे," नातू म्हणाला. तो रडकुंडीला आला होता. "आजी, ह्याने किल्ली तोंडात धरलीय."

आयुष्यभर बोलत राहिलेला माणूस, आणि आता ओठ घट्ट मिटून बसलेला. गाल एका बाजूने फुगलेला. चेअरमन दोन पायऱ्या खाली उभा होता. "काढा तोंडातून. दात पाडा पण काढा," म्हणत होता. एका पोराने हात उचललाही.

"हात खाली," मी म्हटलं. "हळदीच्या दिवशी मारामारी नको. तू बोल रे. माझ्याशी बोल. बाकीचे चार पायऱ्या मागे."

ते मागे झाले. वरच्याने किल्ली हातात काढली, मुठीत धरली.

"आजी, वर शेदोनशे माणसं, ड्रम, त्यावर नाच. नका करू."

"तुझा तारा कुठे आहे आता?"

"दिवाळीत केसापासून जेवढा लांब होता त्याच्या दुप्पट. रोज लांब जातोय."

"पाइप सरकला असेल."

"पाइप टाकीला धरून आहे. टाकी बिल्डिंगला धरून आहे. तारा कोणाला धरून नाही. तो जिथे आहे तिथे आहे."

तेव्हा मला सासऱ्याची काठी आठवली. इतके दिवस का आठवली नाही ठाऊक नाही. मिठागराच्या बांधावर काठी रोवलेली असायची. सासरा रोज सकाळी एका ठरलेल्या दगडावर उभा राहायचा आणि ती काठी पारसिकच्या डोंगराच्या खाचेत बसते का बघायचा. बसली की आम्ही बायका खाली उतरून मीठ ओढायला लागायचो. काठी खाचेच्या बाहेर दिसली की तो एकच शब्द बोलायचा, "वर." आम्ही टोपल्या टाकून वर यायचो. बांध सांगून फुटत नाही. दिवसचे दिवस गुपचूप सरकतो आणि मग एकदम जातो. काठी खाचेबाहेर गेली म्हणून डोंगर सरकला, असं कोणी बोललेलं मी ऐकलं नाही.

आणि माझं दार घासत होतं.

"मांडव मैदानात," मी म्हटलं.

नातू म्हणाला, "आजी, लाइटवाला सगळं ठरवून गेलाय. ह्या येड्याचं ऐकून?"

"माझं ऐकून. बांबू उलटे फिरवा."

वरच्याने किल्ली शर्टाला पुसली आणि माझ्या हातात दिली. तरी ओलीच होती. मी पदराला पुसून कमरेला खोचली.

चेअरमन अजून उभा होता. "आजी, तुम्ही पण ह्याच्या नादी लागलात?"

"तुझ्या घरी आज चूल पेटवायची नाही," मी त्याला म्हटलं. "कोणाच्याच नाही. सगळी बिल्डिंग मैदानात पाहिजे. दिवस मावळायच्या आत. कोणी घरी राहिलं तर मी उद्या वरातीत त्याचं तोंड बघणार नाही."

बिल्डिंग पडतेय म्हटलं असतं तर एक माणूस हलला नसता. तेच ऐकून त्यांचे कान किटले होते. जेवायला बोलावलं, तर सगळे कपडे करून, दागिने घालून, घराला कुलूप लावून आले. तान्ही बाळं आणली. वॉचमन आला. रात्रभर हळद चालली असती, सकाळी मी स्वतः इंजिनियर धरून आणला असता. पुढचं पुढे.

दिवस मावळता मावळता वरचा मैदानात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात खडीसाखरेची पुडी.

"आज का?" मी विचारलं.

"आत्ता थोड्या वेळाने. नवीन वर्ष." तो लोकांकडे बघत होता आणि ओठ हलवत होता. मोजत होता. "दोन कमी आहेत, आजी."

"चेअरमन आणि त्याची आई. मी ताट पाठवते."

"ताट नको. तिलाच आणतो."

मी काही म्हणायच्या आत गेला. त्याची चाल मुळात हळू, पण त्या दिवशी धोतर-पदर सांभाळणाऱ्या लोकांमधून वाट काढत भराभर गेला. थोड्या वेळाने दुसऱ्या मजल्यावरच्या चेअरमनच्या खिडकीतून आवाज यायला लागले. डीजे अजून लागायचा होता, धवल्याच्या बायका गात होत्या, म्हणून ऐकू आलं.

"तिला हलवायचं नाही. डॉक्टरने सांगितलंय."

"खुर्चीत बसवू. मी धरतो."

"निघ माझ्या घरातून."

पुढचं चेअरमनने मला नंतर सांगितलं. दोघं हमरीतुमरीवर आले होते, तेव्हा आतून म्हातारी म्हणाली, "मला खाली न्या. मला हळद बघायचीय." चेअरमन म्हणाला, आई, तुझी कंबर. ती म्हणाली, "कंबर माझी आहे. आणि आज नवीन वर्ष आहे." तिने केस विंचरलेले होते.

तिच्याच साडीने तिला खुर्चीला बांधलं. चेअरमन जाड, म्हणून तो खालच्या बाजूला राहिला. जिना उतरताना सगळं वजन खालच्यावर येतं. वरचा हडकुळा, म्हणून तो वर. हे वजनावरून ठरलं. नंतर लोकांनी त्याची वेगळी गोष्ट केली, पण चेअरमनने मला शपथेवर सांगितलं की एवढंच झालं. वरच्याने मध्ये एकदा थांबून भिंतीला हात लावला आणि म्हणाला, "पटकन चला." म्हातारी म्हणाली, "खडीसाखर घेतलीस का?" तो म्हणाला, "खिशात आहे." खाली डीजे सुरू झाला होता.

शेवटच्या पायऱ्यांवर होते तेव्हा खांब फुटला.

धूळ बसायला वेळ लागला. आमच्यातली पोरं थांबेनात तेव्हा मी आणि धवल्याच्या बायकांनी हात धरून रांग केली आणि त्यांना अडवलं. नाल्याकडची अख्खी बाजू तळमजल्यावर बसली होती. पार्किंग राहिलंच नव्हतं. जिना मधोमध तुटला होता. फायर ब्रिगेड आली, त्यांनी दिवे लावले, सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं आणि कान देऊन ऐकायला लागले. शेदोनशे माणसं हळदीच्या कपड्यांत गप्प उभी होती. कोणाचं बाळ रडलं की आई त्याच्या तोंडावर हात ठेवायची.

मी वर बघितलं. उजेडात काही दिसत नव्हतं. तारा असणारच तिथे, जिथे असतो तिथे.

आधी चेअरमन आणि खुर्चीला बांधलेली म्हातारी निघाली. वरच्याला शेवटी बाहेर काढलं तेव्हा मी जवळ होते. डॉक्टरचं बघून झाल्यावर त्याच्या शर्टाचा खिसा मी सारखा केला आणि शहाडला बहिणीला फोन करायला नातवाला सांगितलं. ती सकाळी आली. भावाबद्दल तिने एकच विचारलं, जेवला होता का. नव्हता, असं मी सांगितलं. खोटं कशाला सांगायचं.

बिल्डिंग पुढे पाडली. लग्न पंधरा दिवस पुढे ढकलून झालं. किल्ली मी भंगारात दिली, कुलूप आणि दार दोन्ही राहिली नाहीत तर तिचं काय करणार. चेअरमन लंगडतो, आणि अजून चेअरमनच आहे, बिल्डिंग नसलेल्या सोसायटीचा. भाड्याने तळमजल्यावर राहतो, आमच्याच गल्लीत. दर काही दिवसांनी आईला खडीसाखर आणून देतो. कधी तीन दिवसांनी आणतो, कधी पाच. त्याला मोजायची सवय नाही. म्हातारी त्याला म्हणते, "आज नाहीये रे," आणि खाते.

नवीन लोक विचारतात, तेव्हा किती माणसं वाचली. मैदानात होतो ते सगळे वाचलो. जिन्यात तिघं होते. त्यातले दोन वाचले, चेअरमन आणि त्याची आई.